अंदमानात बेटांच्या आधी बोटी मोजा

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. मी बँकेत नोकरीला, नवऱ्याचा स्वतःचा व्यवसाय. करोनाच्या आधीपासून लांब कुठे गेलोच नाही, म्हणून यंदा अंदमान ठरवलंय. मी, नवरा, नववीतली मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, असे चौघं. एका ट्रॅव्हल कंपनीने पाच रात्री सहा दिवसांचा कार्यक्रम पाठवलाय : सेल्युलर जेल, रॉस, नॉर्थ बे, बारातांग, हॅवलॉक, एलिफंट बीच, नील आणि परत. तो कागद वाचूनच मला दमायला झालं. मला खरं तर समुद्राकाठी नुसतं पडून राहायचंय. नवऱ्याचं म्हणणं, 'एवढे पैसे घालून जायचं तर सगळं बघून घेऊ, परत कोण जातंय!' सासूबाईंना फक्त सावरकरांची कोठडी बघायची आहे, पण त्यांचे गुडघे दुखतात. मुलीला स्कूबा करायचंय. तिच्याशिवाय पोहता कुणालाच येत नाही. दिवाळीत जावं, नाताळात की मुलीची परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्ये, तेही ठरत नाही. आठ दिवसांची रजा मिळू शकते. सुट्टीत काहीच करायचं नाही असं वाटणं चुकीचं आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, अजिबात चुकीचं नाही. उलट तुमच्या घरात या सहलीचा अंदाज सगळ्यांत बरोबर तुम्हालाच आलाय असं मला वाटतं. कागद वाचून दमायला झालं, याचं कारण त्या कागदातच आहे. सहा दिवसांत त्यांनी तुम्हाला किती वेळा बोटीत बसवलंय ते मोजा. रॉस आणि नॉर्थ बेची बोट, बारातांगला जाताना खाडीतली बोट आणि पुढे गुहांकडे नेणारी छोटी होडी, हॅवलॉकची मोठी बोट, एलिफंट बीचची होडी जाऊन-येऊन, नीलची बोट, नीलहून परतीची बोट. शिवाय येताना-जाताना विमानं. यात समुद्राकाठी बसायला वेळ उरतोच कुठे?

बेटांच्या सहलीत एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. नकाशावर हॅवलॉक आणि नील अगदी शेजारी दिसतात आणि बोटही साधारण तासाभरात पोचवते. पण तो तास नुसता बोटीचा. सकाळी उठून बॅगा भरायच्या, सासूबाईंचं आवरून द्यायचं, नाश्ता घाईघाईत उरकायचा, हॉटेलचा हिशेब करायचा, टॅक्सीने जेट्टी गाठायची. बोट सुटायच्या तासभर आधी हजर राहायचं, ओळखपत्रं दाखवायची, सामान द्यायचं, रांगेत उन्हात उभं राहायचं. उतरल्यावर पुन्हा सामानाची वाट बघायची, पुन्हा टॅक्सी. हॉटेलवर पोचावं तर खोली अजून तयार नसते, म्हणून स्वागतकक्षात बॅगांच्या राशीशेजारी बसून राहायचं. आंघोळ-जेवण आटपून तुम्ही मोकळ्या होईपर्यंत दुपारचे तीन वाजलेले असतात.

आणि अंदमानात दुपारचे तीन म्हणजे दिवस कलायला लागलेला असतो. ही बेटं आपल्यापासून कितीतरी पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. एप्रिलमध्ये तिथे पाच-सव्वापाचला सूर्य उगवतो आणि साडेपाचच्या सुमाराला मावळतो. डिसेंबरमध्ये तर संध्याकाळी पाचलाच सूर्यास्त. 'चार वाजता चहा घेऊन निवांत निघू' ही आपली सवय तिथे चालत नाही. म्हणून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्याचा दिवस हा माझ्या हिशेबी अख्खा खर्ची पडलेला दिवस. तो तसाच धरा, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. एवढं मान्य केलंत की कुठली बेटं ठेवायची आणि कुठली गाळायची हे आपोआप दिसायला लागेल.

आठ दिवसांची रजा मिळतेय ना? मग सात रात्री धरा. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, पुढच्या तीन हॅवलॉक, मग दोन नील, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. मोठ्या बोटीचे प्रवास फक्त तीन. (कागदोपत्री हॅवलॉकचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरही 2024 पासून श्री विजयपुरम झालंय. तिकिटावर किंवा नकाशात नवी नावं दिसली तर गोंधळू नका, बोलताना तिथले लोकही अजून जुनीच वापरतात.)

आता सासूबाईंचं. त्यांनी एकच गोष्ट मागितलीय, तेव्हा ती पहिल्याच दिवशी करा. बरेच कार्यक्रम सेल्युलर जेल शेवटच्या दिवसावर टाकतात, कारण विमानतळ जवळ आहे. पण समुद्र खवळून एखादी बोट रद्द झाली की पहिला बळी शेवटच्या दिवसाचाच जातो, आणि मग सासूबाई एवढ्या लांब येऊन कोठडी न बघता परतणार. मुंबईहून बहुतेक विमानं चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूमार्गे जातात. सकाळी पोर्ट ब्लेअरला उतराल असं विमान निवडा. दुपारी जेवून तासभर आडवं व्हा, मग जेलमध्ये जा.

1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या जेलच्या सात इमारती मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या होत्या. आज त्यातल्या तीनच उभ्या आहेत. सावरकरांना 1911 मध्ये इथे आणलं आणि 1921 मध्ये इथून हलवलं. थोरले बंधू बाबारावही याच जेलमध्ये होते. कोठडी सगळ्यांत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. जिने चढावे लागतात आणि नंतर लांबलचक व्हरांडा चालावा लागतो. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या बाईंना हे जमतं, पण सावकाश. ऊन उतरल्यावर जा, प्रत्येक मजल्यावर थांबा, आणि गाइडच्या घोळक्याबरोबर त्यांना पळवू नका. कोठडीत गेल्यावर त्यांना हवा तेवढा वेळ तिथे थांबू द्या. मागून रांग आली तर एकदा बाहेर येऊन पुन्हा आत जाता येतं. संध्याकाळी अंगणात ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो, तो बसून बघायचा असतो, म्हणजे पायांनाही आराम. त्याची तिकिटं मात्र आधी काढून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक. खासगी वेगवान बोटीला दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला अडीचच्या आसपास. सरकारी बोट स्वस्त, आणि तिच्या डेकवर वाऱ्यात उभं राहता येतं. खासगी बोटी बंद, वातानुकूलित. तुमच्याबरोबर सासूबाई आहेत, तेव्हा खासगीच घ्या. बोट लागत असेल तर उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, बोट डोलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून सासूबाईंची इतर औषधं चालू असतील तर नाशिकहून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

हॅवलॉकला हॉटेल कुठे घेता यावर तुमची सगळी सहल अवलंबून आहे. बहुतेक हॉटेलं बेटाच्या पूर्वेला, जेट्टीपासून पुढे गोविंदनगर आणि विजयनगरच्या किनाऱ्यावर आहेत. फोटोत तिथलं पाणी निळंशार दिसतं आणि भरतीला ते तसं असतंही. पण ओहोटी लागली की पाणी लांबवर आत जातं आणि खाली खडक, प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात. त्या वेळी तिथे डुंबता येत नाही. ज्या किनाऱ्यासाठी जग हॅवलॉकला येतं तो राधानगर पश्चिमेला, जेट्टीपासून बारा किलोमीटरवर आहे. मऊ पांढरी वाळू, हळूहळू खोल होत जाणारं पाणी, आणि मागे समुद्री महुव्याच्या उंच झाडांची गर्द रांग. 2020 मध्ये त्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. कपडे बदलायची सोय आहे, जीवरक्षक असतात. पण तिकडे राहायला हॉटेलं मोजकी आणि महाग.

म्हणून मी तुम्हाला असं सुचवेन. राहायला पूर्वेचंच एखादं साधं, झाडीतलं हॉटेल घ्या, जिथे खोलीच्या दारात बसून समुद्र दिसेल आणि सासूबाईंना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. तळमजल्याची खोली आधीच फोनवर सांगून ठेवा. आणि राधानगरला संध्याकाळी जायच्या ऐवजी सकाळी जा. सगळ्या ट्रॅव्हल कंपन्या आपली माणसं सूर्यास्त बघायला साडेतीन-चारला तिथे आणून सोडतात आणि अंधार पडताच उचलून नेतात. त्या दोन तासांत किनारा गजबजलेला असतो. सकाळी सात वाजता तिथे जवळजवळ कुणी नसतं. झाडांची सावली किनाऱ्याच्या वरच्या वाळूवर पडलेली असते, पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसतं आणि लाटा अगदी लहान. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची भाड्याने मिळाली तर उत्तम, नाहीतर हॉटेलकडून एक मागून न्या. दहा-साडेदहापर्यंत तिथेच थांबा, शहाळं प्या, आणि ऊन चढायला लागलं की परत या. दुपारी झोपा. तुम्हाला जे पडून राहायचंय ना, ते इथे. हाच कार्यक्रम दोन सकाळी लागोपाठ केलात तरी काहीही बिघडणार नाही.

एक मात्र गंभीरपणे ऐका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये राधानगरजवळच एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. खाडीचं किंवा ओढ्याचं तोंड जिथे समुद्राला मिळतं तिथे, तिवरांच्या जवळ, आणि अंधार पडल्यावर पाण्यात अजिबात उतरायचं नाही. पाट्या लावलेल्या आहेत, जीवरक्षक शिट्टी वाजवतात. ते जिथे सांगतील तेवढ्याच पट्ट्यात डुंबा. एवढं पाळलंत तर घाबरायचं कारण नाही.

मुलीचं स्कूबा हॅवलॉकलाच करा. पहिल्यांदा करणाऱ्यांना पोहता आलंच पाहिजे असं नसतं. शिक्षक उथळ पाण्यात श्वास घ्यायला शिकवतो आणि मग पूर्ण वेळ हाताशी राहतो. ती पोहते म्हणजे तिला ते लवकर जमेल. पण आधी आरोग्याचा अर्ज भरून घेतात, तो खरा भरा. दमा, फिट येणं, कानाचं दुखणं, नुकतीच झालेली सर्दी यातलं काही असेल तर लपवू नका. सर्दीत कानावर दाब येतो आणि फार दुखतं. दुसरं म्हणजे खोल पाण्यात श्वास घेतल्यानंतर निदान एक दिवस विमानात बसायचं नसतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणूनच हॅवलॉक आधी आणि नील नंतर असा क्रम मी लावलाय. स्कूबा आणि परतीचं विमान यांच्यामध्ये तीन दिवस आपोआप मिळतात.

एलिफंट बीच कार्यक्रमात ठेवायचा तर तुम्ही, मुलगी आणि यजमान एवढेच जा. जेट्टीवरून होडीने जावं लागतं, उतरताना पाण्यात पाय टाकावा लागतो, आणि तिथे दुपारपर्यंत खूप माणसं जमतात. सासूबाईंना तिथे नेण्यात त्यांचे हाल आहेत. पोहता न येणाऱ्यांना लाइफ जॅकेट आणि रबरी रिंग देऊन वाटाड्या पाण्यात ओढत नेतो आणि तोंडाला नळी लावून खालचे मासे बघता येतात. पहिल्या दोन मिनिटांत जीव घाबरतो, मग श्वास लयीत येतो. जाणार असाल तर दिवसाची पहिली होडी पकडा. आणि पाय कुठेही टेकवू नका. खाली जो दगड वाटतो तो जिवंत प्रवाळ असतो. 2010 मध्ये समुद्राचं पाणी तापल्यामुळे इथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडून मेलं. जे उरलंय, नव्याने वाढतंय, ते हातभर वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि माणसाच्या एका टाचेने मोडतं.

बारातांगबद्दल माझं मत स्पष्ट आहे : काढून टाका. पहाटे तीन-साडेतीनला उठून जिरकाटांगच्या नाक्यावर रांगेत उभं राहायचं, पोलिसांच्या देखरेखीखाली गाड्यांच्या तांड्यातून जंगल ओलांडायचं, पुढे बोट, होडी, चाल, आणि तसंच परत. सासूबाईंना हे झेपणार नाही आणि तुमचा एक अख्खा दिवस जाईल. पण माझं खरं कारण वेगळं आहे. तो रस्ता जारवा या तिथल्या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राखीव भागातला रस्ता बंद करा असं सांगितलं होतं, तरी वाहतूक चालू राहिली. तिथे गाडी थांबवायला आणि फोटो काढायला कायद्याने बंदी आहे, आणि तरीही गाडीतल्या माणसांच्या नजरा चुनखडीच्या गुहांपेक्षा झाडीतून कुणी दिसतंय का याकडेच लागलेल्या असतात. ज्यांच्या घरातून आपण जातोय त्यांनी आपल्याला बोलावलेलं नाही. नववीतल्या मुलीला बरोबर घेऊन हे करू नये असं मला मनापासून वाटतं. तिला कारण सांगा, तिला ते तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

नॉर्थ बेसुद्धा सोडा. तिथे जे बघायचं ते हॅवलॉकला जास्त चांगलं दिसतं. रॉस मात्र ठेवा, पण शेवटच्या दिवशी, वेळ उरला तर. पोर्ट ब्लेअरहून होडीने थोड्याच मिनिटांवर आहे, वर फिरायला बॅटरीवरची गाडी मिळते. इंग्रजांच्या काळातलं चर्च, बंगले, बेकरी यांच्या भिंती झाडांच्या मुळांनी गिळून टाकल्यात आणि त्यातून हरणं फिरत असतात. सासूबाईंनाही आवडेल.

नीलबद्दल लोक म्हणतात, 'तिथे काही नाही, अर्ध्या दिवसात होतं.' म्हणूनच तिथे दोन रात्री राहा. बेट एवढंसं की कुठूनही कुठेही सायकलने जाता येतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटांवर जमिनी दिल्या, त्यांचीच ही गावं. म्हणून किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी रामायणातली. भाताची शेतं, पोफळी, केळी, भाज्यांचे वाफे, आणि रस्ता संपला की समुद्र. तिथल्या छोट्या बाजारात सकाळी भाजी येते, ती बघायला सासूबाईंना घेऊन जा. कुठली भाजी कशी करतात यावर बायकांशी बोलणं भाषेवाचूनही होतं. जेवायला बंगाली पद्धतीचं वरण-भात-भाजी आणि ताजा मासा सगळीकडे मिळतो. शाकाहारी जेवणाची अडचण येत नाही. उपवास असेल तर राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे घरून न्या, कारण साबुदाणा तिथे मिळेल याची खात्री धरू नका.

नीलला एकच गोष्ट वेळ बघून करावी लागते, ती म्हणजे लक्ष्मणपूरच्या टोकाची खडकाची नैसर्गिक कमान. ओहोटीलाच तिथपर्यंत चालत जाता येतं. खडकांच्या खळग्यांत पाणी साठून राहतं आणि त्यात समुद्रकाकड्या, छोटे खेकडे, रंगीत मासे अडकलेले दिसतात. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण तो हिशेब अंदमानला जसाच्या तसा लागू पडत नाही. रोजची वेळ हॉटेलात विचारून घ्या. दर दिवशी ती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी जास्त आत जातं आणि चालायला सोपं पडतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, तेव्हा फारसं उघडं पडत नाही. खडक शेवाळाने निसरडे असतात, म्हणून सासूबाईंना तिथे नेऊ नका; त्यांना भरतपूरच्या वाळूत सावलीला बसवा. तुम्हीही चपलांऐवजी मागे पट्टा असलेल्या सँडल घाला.

कधी जायचं? मी एप्रिल म्हणेन. दिवाळीच्या सुट्टीत तिथे पाऊस पुरता गेलेला नसतो. या बेटांना नैर्ऋत्य आणि ईशान्य दोन्ही मोसमी वारे भिजवतात, त्यामुळे नोव्हेंबरमध्येही चांगला पाऊस होऊ शकतो. नाताळात सगळं दुप्पट महाग आणि गर्दी. फेब्रुवारी-मार्च सगळ्यांत सुखाचे, पण मुलीची शाळा आड येते. एप्रिलमध्ये उकाडा असतो, घाम फार येतो, हे खरं. पण समुद्र शांत असतो आणि पाण्याखालचं स्वच्छ दिसतं. तुम्ही दुपारी झोपणारच आहात. फक्त मेच्या मध्यापर्यंत लांबवू नका, तिथे मोसमी पाऊस आपल्या कितीतरी आधी पोचतो.

आणि महिना कुठलाही असो, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवाच. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की बोटी बंद होतात आणि त्यावर कुणाचाही इलाज नसतो. डिसेंबर 2016 मध्ये असंच झालं. हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि शेवटी नौदलाने जहाजं पाठवून त्यांना आणलं. असं क्वचित होतं. पण एखादी बोट रद्द होणं किंवा चार तास उशिरा सुटणं हे नेहमीचं आहे. सकाळी नीलहून बोट आणि त्याच दुपारी विमान असा कार्यक्रम कुणी दिला तर सरळ नाही म्हणा. सासूबाईंची औषधंही सहलीच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवसांची जास्त न्या, आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा. हॅवलॉक-नीलला छोटी आरोग्य केंद्रं आहेत, मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच.

आता तुमच्या यजमानांचं. त्यांचं म्हणणं मला समजतं. स्वतःचा व्यवसाय असलेल्या माणसाला आठ दिवस बाहेर राहणं म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. खर्च केलेल्या पैशाचं काहीतरी हातात दिसावं असं त्यांना वाटतं आणि ठिकाणांची यादी ही त्यांना दिसणारी वस्तू आहे. त्यांच्याशी 'मला आराम हवाय' असं बोलू नका, ते आळसासारखं ऐकू येतं. तो कागद समोर ठेवा आणि प्रत्येक दिवशी प्रवासात, रांगेत, वाट बघण्यात किती तास जाणार ते दोघांनी मिळून लिहून काढा. हिशेबाचा माणूस हिशेब मानतो. आणि त्यांनाही काही हवं असेल ते द्या : रोज एक गोष्ट, सकाळी, अकराच्या आत. ती त्यांनी ठरवायची. तुम्हाला नको असेल त्या दिवशी ते आणि मुलगी जातील, तुम्ही आणि सासूबाई मागे राहाल. चौघांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे हा हट्ट सोडलात की निम्मी भांडणं होणारच नाहीत.

अजून एक, ताई, जे तुम्ही पत्रात लिहिलं नाही पण मला त्यात दिसलं. कार्यक्रम तुम्ही वाचताय, तारखा तुम्ही जुळवताय, सासूबाईंच्या गुडघ्यांची आठवण तुम्ही ठेवताय. हेच तिथेही चालू राहिलं तर तुम्ही समुद्राकाठी आडव्या व्हाल आणि डोक्यात उद्याच्या बोटीची वेळ फिरत राहील. निघायच्या आधीच वाटून टाका. तिकिटं आणि ओळखपत्रं यजमानांकडे. भरती-ओहोटीच्या वेळा आणि रोजचा सूर्योदय मुलीकडे, तिला ते आवडेल. काय जेवायचं ते सासूबाईंनी ठरवायचं. तुमच्याकडे काहीही नको. कुणी काही विसरलं तर विसरू द्या.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, नीलला एटीएमच्या भरवशावर राहू नका. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकल्यापासून इंटरनेट सुधारलंय, पण बेटांवर ते कधीही जातं; तिकिटं छापून न्या. वाळूत अगदी बारीक किडे असतात, ते चावले की दोन दिवस खाज सुटते. पायांना खोबरेल तेल चोपडून बसा आणि नुसत्या वाळूवर न बसता जाड चादर अंथरा. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे मुलीने कितीही हट्ट केला तरी बॅगेत घालू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर बॅगा तपासतात, आणि पकडलं तर सुट्टीचा शेवट कागदपत्रांत होतो.

त्या ट्रॅव्हल कंपनीला नाही म्हणायची गरज नाही. हाच बदललेला क्रम लिहून त्यांच्याकडे पाठवा आणि त्याचा दर मागवा, देणारे देतात. आधी विमान, मग तिन्ही बोटी, मग हॉटेल, या क्रमाने पक्कं करा, कारण बोटीची जागा मिळाली नाही तर हॉटेलचं आरक्षण निरुपयोगी ठरतं. नीलहून परतीची बोट सकाळचीच घ्या : ती रद्द झालीच, तर दुपारच्या बोटीने यायची एक संधी हातात राहते. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात जायचं असेल तर जानेवारीच्या अखेरीपर्यंत हे सगळं उरकून टाका.